बिब्बा, काजू आणि स्मरणशक्तीच्या गोळ्या

फेब्रुवारी महिन्यात शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही कोयनानगरला गेलो होतो. दुपारच्या सत्रानंतर दहावीच्या वर्गाला विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी पर्समधून काचेची छोटी बाटली काढून आमच्यापुढे ठेवली. आत साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या होत्या आणि चिठ्ठीवर लिहिले होते, 'अ‍ॅनाकार्डियम ओरिएंटेल ३०'. वर्गातल्या एका मुलीच्या आईने त्या आणल्या होत्या. मुलीचे पाठांतर टिकत नाही, परीक्षा तोंडावर आली आहे, आणि या गोळ्या स्मरणशक्तीसाठी आहेत असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. बाईंचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "पुस्तकात अ‍ॅनाकार्डियम म्हणजे काजू असं दिलंय. मग काजूच्या गोळ्या खाऊन पाठांतर कसं होईल हो?"

आम्ही सांगितले, की बाई, हा काजू नव्हे, हा बिब्बा. खोलीत एकदम हशा पिकला. कामात बिब्बा घालतात हे सगळ्यांना माहीत होते. डोक्यात घालतात हे नवे होते. कोयनेच्या खोऱ्यात पाटणच्या बाजूला उतरत गेले, की पानझडी रानात बिब्ब्याची झाडे भेटतात, त्यामुळे झाड कोणालाच परके नव्हते. पण बिब्बा, काजू आणि स्मरणशक्ती यांची सांगड कोणी आणि केव्हा घातली, हे सांगता सांगता संध्याकाळ झाली. त्या गप्पाच इथे थोड्या नीट मांडत आहोत.

बिब्बा मराठी घराला नवा नाही. टाचेला भेगा पडल्या, की बिब्ब्याला सुई टोचून तो दिव्याच्या ज्योतीवर धरायचा आणि टपकणारे काळे तेल भेगेत भरायचे. जुन्या खोकल्याला त्याच तेलाचा थेंब दुधात पाडून देत. आतली गोडंबी बाळंतिणीच्या आणि थंडीतल्या डिंकाच्या लाडवांत पडते. दाराला लिंबू-मिरच्यांच्या जोडीने बिब्बा टांगतात. सुया, पोत आणि बिब्बे विकत दारोदार फिरणाऱ्या वैदू बायका आमच्या लहानपणी नेहमी दिसत. परीट कपड्यावर खूण करत ती याच रसाने, आणि वर चुना लावून ती पक्की करत. ती खूण कितीही धुतली तरी जात नाही. (मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाई मात्र बिब्ब्याची नव्हे, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. हा गैरसमज शिक्षकांतही आढळतो.)

झाडाखाली पडलेले पिकलेले फळ पाहिले, तर काजूशी त्याचे नाते लगेच कळते. खाली मांसल, पिवळा-केशरी भाग असतो आणि त्याच्या टोकाला काळे, चकचकीत, हृदयाच्या आकाराचे खरे फळ. काजूचे बोंड आणि बी यांचीही मांडणी अशीच. दोन्ही आंब्याच्या कुळातली झाडे. चारोळीही त्याच कुळातली. युरोपातल्या औषधविक्यांनी बिब्ब्याच्या हृदयासारख्या आकारावरून त्याला 'अ‍ॅनाकार्डियम' म्हटले, ग्रीक भाषेत 'कार्डिया' म्हणजे हृदय. तेव्हा त्यांनी काजू पाहिलाही नव्हता. काजू ब्राझीलचा; पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणला. पुढे १७५३ मध्ये लिनियसने वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा हे जुने नाव त्याने पश्चिमेकडून आलेल्या काजूला देऊन टाकले: अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटेल. मूळ धनी उघडा पडला. लिनियसच्या मुलाने त्याला सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम, म्हणजे खुणेचे फळ, असे नवे नाव दिले. वनस्पतिशास्त्राने नाव बदलले, पण औषधाच्या दुकानाने नाही. होमिओपॅथीच्या बाटलीवर आजही 'पूर्वेकडचे अ‍ॅनाकार्डियम' असते, आणि बाईंचा घोटाळा झाला तो त्यामुळेच.

आपल्याकडे त्याचे संस्कृत नाव भल्लातक. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनांच्या अध्यायात भल्लातकाचे अनेक कल्प दिले आहेत. तिथे त्याला अग्नीसारखे तीक्ष्ण म्हटले आहे, आणि मेधा, अग्नी व बल वाढवणारे असेही म्हटले आहे. या दोन गोष्टी एकाच ठिकाणी आहेत हे ध्यानात ठेवावे. पुढे दोन्ही बरोबर प्रवास करणार आहेत, पण वाटेत एक मागे पडणार आहे. वैद्य कच्चा बिब्बा कधीच देत नसत. विटेच्या चुऱ्यात घोळून, घासून त्याचे तेल कमी करत, मग दूध-तुपाबरोबर योजत, आणि तो घेणाऱ्याला उन्हापासून व उष्ण पदार्थांपासून दूर ठेवत.

आठव्या-नवव्या शतकांत बगदादमध्ये भारतीय वैद्यकाचे ग्रंथ पर्शियन व अरबी भाषांत गेले; चरकही गेला. इ. स. ८५० च्या सुमारास अली इब्न रब्बान अल्-तबरी याने लिहिलेल्या वैद्यकग्रंथाच्या शेवटी भारतीय वैद्यकावर स्वतंत्र भागच आहे. भल्लातक अरबीत 'बलाधुर' झाला आणि त्याची कीर्ती राहिली ती मुख्यतः एका कामासाठी, ते म्हणजे विसरभोळेपणावर. त्या काळी पाठांतर हेच विद्येचे भांडवल होते, त्यामुळे गिऱ्हाइकांची वाण नव्हती. नवव्या शतकातला इतिहासकार अल्-बलाधुरी याचे नावच या फळावरून पडले. बलाधुर खाऊन त्याला वेड लागले व त्यातच तो मेला, अशी कथा आहे. काही चरित्रकार हा प्रकार त्याच्या आजोबांचा म्हणून सांगतात. कथा कितपत खरी ते सोडून देऊ. फळ धोक्याचे आहे हे बगदादला ठाऊक होते, एवढे तीवरून नक्की दिसते. (याच बलाधुरीच्या ग्रंथात सातव्या शतकातल्या ठाण्यावरच्या अरबी स्वारीचा उल्लेख आहे, म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचे नाव माहीत असते.)

ट्युनिशियातल्या कैरावानचा वैद्य इब्न अल्-जज्जार याने दहाव्या शतकात विस्मरण व त्यावरचे उपाय यांवर एक छोटा ग्रंथच लिहिला. अकराव्या शतकात इटलीत मोंते कासिनोच्या मठात बसून कॉन्स्टंटाइन आफ्रिकानुस याने अरबी वैद्यकाची लॅटिन भाषांतरे केली, त्यांत याचेही भाषांतर आहे. तिथून पुढे काही शतके युरोपच्या औषधालयांत अ‍ॅनाकार्डियमचे अवलेह मिळत. ते घेऊन शहाणपण येते असा बोलबाला होता, आणि ते घेऊन माणसे बिघडतात अशी तक्रारही होती.

या साखळीतला एक दुवा आपल्या अगदी जवळचा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६३ मध्ये त्याचे भारतीय औषधींवरचे संवादरूप पुस्तक गोव्यातच छापले गेले. त्यात अ‍ॅनाकार्डियमवर एक संवाद आहे आणि इथले लोक त्याला 'बिबो' म्हणतात अशी नोंदही आहे. युरोपातले पंडित अरबी ग्रंथांच्या लॅटिन भाषांतरांवरून ज्याविषयी वाद घालत होते, ते फळ हा माणूस हातात घेऊन, इथल्या माणसांना विचारून लिहीत होता. आम्हांला ओर्ताविषयी आदर वाटतो तो यासाठी.

आता हानेमानकडे येऊ. जर्मन डॉक्टर सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) याने १७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली आणि त्यातून 'समानाने समान बरे होते' हा सिद्धांत बांधला. निरोगी माणसात जे औषध जी लक्षणे उत्पन्न करते, तेच औषध अत्यल्प मात्रेत त्या लक्षणांवर द्यायचे. जुनाट आजारांवरच्या त्याच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८३५ ते १८३९ या काळात निघाली, तिच्यात अ‍ॅनाकार्डियम आहे. आणि होमिओपॅथीच्या पुस्तकांत त्याच्या लक्षणांत ठळकपणे येते ते स्मरणशक्ती कमी होणे. हे लक्षण केवळ चाचण्यांतून निघाले असे मानणे आम्हांला जड जाते. बगदाद, कैरावान आणि मोंते कासिनो यांनी ज्या फळाला आठवणीचे फळ म्हणून सातआठशे वर्षे मिरवले, त्याच फळात परीक्षकांना नेमकी आठवणीची लक्षणे सापडावीत? जुनी कीर्तीच नव्या भाषेत लिहिली गेली, असे आमचे मत आहे.

पण 'अग्नीसारखे तीक्ष्ण' हा भाग बाटलीत उरला आहे का? हे गणित वर्गात करण्यासारखे आहे. त्यासाठी आधी बिब्ब्यात काय असते ते पाहू. १९३१ मध्ये पिल्ले आणि सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी बिब्ब्याच्या तेलाचे रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केले आणि त्यातल्या मुख्य द्रव्याला 'भिलावनॉल' म्हटले. ही फिनॉल वर्गातली संयुगे. बेंझीनच्या कड्याला शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट आणि पंधरा कार्बन अणूंची लांब शेपटी. हवेतल्या ऑक्सिजनने ती काळी पडतात व एकमेकांत गुंततात, म्हणून परिटाची खूण जात नाही. जपानमध्ये लाकडी भांड्यांवर चमकदार लुकण चढवतात त्या झाडाच्या चिकातही, आणि अमेरिकेतल्या 'पॉयझन आयव्ही' या वेलीतही, हीच संयुगे जवळजवळ याच रूपात असतात. दोन्ही बिब्ब्याचीच भावंडे. १९४३ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी भारतातल्या त्यांच्या सैनिकांच्या एका विचित्र पुरळाची हकिगत छापली. पुरळ मानेवर, नेमक्या कॉलरवरच्या परिटाच्या खुणेखाली उठत होते!

बिब्बा एकाला उततो आणि दुसऱ्याला उतत नाही, याचेही कारण इथेच आहे. ही संयुगे कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या बदललेल्या प्रथिनांना परके समजून लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी हल्ला चढवते. पहिल्या खेपेला काही झाले नाही म्हणून दुसऱ्या खेपेला होणार नाही, असे म्हणता येत नाही. एका अर्थी बिब्बा खरोखरच स्मृती निर्माण करतो. फक्त ती मेंदूत नसते, रक्तातल्या पांढऱ्या पेशींत असते.

आता गणित. भिलावनॉलचा रेणुभार सुमारे ३१८. एका ग्रॅममध्ये त्याचे १९ वर २० शून्ये इतके रेणू असतात. होमिओपॅथीच्या शततमान पद्धतीत प्रत्येक पायरीला एक भाग औषध आणि ९९ भाग दुग्धशर्करा किंवा अल्कोहोल. म्हणजे दर पायरीला दोन शून्ये गळतात. दहाव्या पायरीवर ग्रॅममध्ये १९ रेणू उरतात. अकराव्या पायरीवर पाच ग्रॅम घेतले तर कुठे एखादा रेणू असेल. बाटलीवरचा ३० हा आकडा तिसाव्या पायरीचा. तिथे एक रेणू हवा असेल, तर सुमारे अडीच लाख सूर्यांच्या वजनाइतक्या गोळ्या खाव्या लागतील. सुरुवात शुद्ध भिलावनॉलने केली असे धरून हा हिशेब केला, म्हणजे तो होमिओपॅथीच्या बाजूनेच सैल आहे.

हानेमानला हसण्याचे कारण नाही. अ‍ॅव्होगाड्रोने आपली कल्पना १८११ मध्ये मांडली, पण रेणूंच्या आकाराचा व संख्येचा पहिला ठोकताळा लोश्मिटने १८६५ मध्ये दिला. हानेमानला जाऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती. विरळ करण्याला कुठे अंत आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आपल्याला मात्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेऊन सांगितले, की होमिओपॅथी प्रभावी असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही.

बाईंनी हिशेब वहीत उतरवून घेतला आणि विचारले, "मग आईला जाऊन सांगू का, की या गोळ्यांत काही नाही?"

इथे आम्ही थोडे थांबलो. एवढेच सांगून भागणार नव्हते. हा बिब्बा आहे आणि यात बिब्बा उरलेला नाही, ही दोन वाक्ये एका दमात ऐकल्यावर काळजीने ग्रासलेली आई तिसरे वाक्य स्वतःच जुळवू शकते, की मग खरा बिब्बाच का देऊ नये? तो तर रानात फुकट मिळतो. चरकाने मेधा वाढवणारा म्हटले आहे हेही कोणीतरी तिला सांगेल, विटेच्या चुऱ्याचे मात्र सांगणार नाही. गोळ्यांनी मुलीला अपाय होणार नाही. कच्च्या तेलाच्या एका थेंबाने तोंड आणि घसा सुजू शकतो, आणि कातडीवर उठलेले फोड बरे होऊन डाग राहतात.

म्हणून आम्ही बाईंना सांगितले, की गोळ्यांची गोष्ट नंतर काढा. आधी घरात बिब्बा असेल तर तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवायला सांगा. तान्ह्या मुलाला तर तो मुळीच लावू नये. रानात किंवा घरी तेल अंगाला लागलेच, तर नुसते पाणी ओतून ते निघत नाही, साबण लावून ताबडतोब, पुन्हा पुन्हा धुवावे आणि तो हात डोळ्यांकडे नेऊ नये. फोड आले किंवा पोटात गेले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

बाटली बाईंनी परत पर्समध्ये टाकली. शनिवारी मुलीच्या घरी जायचे त्यांनी ठरवले, आणि जाताना तीस पायऱ्यांच्या हिशेबाचा कागद मागून घेतला. मुलगी गणितात चांगली आहे, म्हणाल्या.