चाळिशीचा नमस्कार

आपल्याकडे व्यायामाचा इतिहास तालमीच्या दारात सुरू होतो आणि लग्नाच्या मांडवात संपतो. मिसरूड फुटले की पोराने लाल मातीत उतरावे, जोर-बैठका काढाव्यात, जत्रेच्या फडात दोन कुस्त्या माराव्यात; पुढे संसार गळ्यात पडला की लंगोट खुंटीला टांगावा, ही गावोगावची रीत. चाळिशीतल्या गृहस्थाचे पोट थोडे पुढे आले तर त्याला कोणी दुखणे म्हणत नसे; घर खाऊन-पिऊन सुखी असल्याची ती खूण मानली जाई. त्यामुळे या इतिहासात प्रौढ माणूस फारसा दिसत नाही. पण शोधला तर तो सापडतो, आणि त्याच्याकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे.

घनसावंगीत राहणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला हा शोध घराजवळूनच सुरू करावा लागतो. आमच्या तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली ते तेथे जन्मले. बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून गेलेला हा मुलगा नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षे राहिला आणि तेथे रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत असे, असे संप्रदायाची परंपरा सांगते. बाराशे हा आकडा श्रद्धेचा आहे. इतिहास त्याला पुरावा मागेल. वर्गात ही हकिकत सांगू लागलो की मुले तो आकडा ऐकूनच डोळे विस्फारतात. मला मात्र समर्थांचे पुढचे आयुष्य अधिक विचार करायला लावते. शहापूर, मसूर, चाफळ, उंब्रज, शिराळे अशा ठिकाणचे त्यांचे अकरा मारुती साधारणपणे १६४५ ते १६५५ या काळात स्थापन झाले, असे मानतात. म्हणजे बलोपासनेच्या या दैवताची गावोगाव प्रतिष्ठा करीत ते हिंडत होते, तेव्हा त्यांचे वय सदतीस ते सत्तेचाळीस होते. ज्या वयात आपण जिन्याचा कठडा शोधू लागतो, त्या वयातले हे काम आहे.

पण वाचक म्हणतील, ते संन्यस्त पुरुष. आम्हाला बायको-मुले आहेत, नोकरी आहे, कर्जाचे हप्ते आहेत. हा आक्षेप रास्त आहे. तेव्हा उदाहरण गृहस्थाचेच घेऊ. ते सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानात मिळते.

औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी १८६८ साली जन्मले. त्यांच्या तारुण्यात युजेन सँडो या पहिलवानाचा डंका जगभर वाजत होता. जर्मनीत जन्मलेला आणि इंग्लंडात नाव कमावलेला हा गडी १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानातही आपले खेळ करून गेला. पंतांनी त्याची पुस्तके व साधने मागवून सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. मग १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. त्या वेळी त्यांना चाळिसावे वर्ष लागलेले होते. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, ते गादीवर आले. राज्याची जबाबदारी डोक्यावर आल्यावर मनुष्य पहिल्यांदा व्यायामाला रजा देतो. पंतांनी दिली नाही.

नमस्कार ही मूळची उपासना. सूर्याचे नाव घेऊन देवासमोर अंग जमिनीला टेकवायचे. पंतांनी तिचा रोजचा व्यायाम करून लोकांपुढे ठेवला. त्यांनी नमस्काराचे दहा अंक बसवले, श्वासाची शिस्त सांगितली, संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे केले आणि १९२८ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक विलायतेत निघाले. वजने नकोत, यंत्रे नकोत, जोडीदार नको. अंगाएवढी जमीन पुरे. बायकांनीही नमस्कार घालावेत, असा त्यांचा आग्रह होता. तालमीचे दार ज्यांना कधी उघडलेच नव्हते, त्या स्त्रिया आणि ज्यांच्यासाठी ते बंद झाले होते ते प्रौढ, अशा दोघांसाठी ही वाट मोकळी झाली. औंधच्या प्रयोगाचे खरे मोल मला यात वाटते.

पंत १९५१ साली वारले, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. १९१८ पासून औंधात राहिलेले, नमस्कारांचे तितकेच कट्टर पुरस्कर्ते पंडित सातवळेकर तर वयाची शंभरी गाठून १९६८ मध्ये गेले. अर्थात दोन दीर्घायुषी माणसांवरून नियम काढणे हे शास्त्र नव्हे. शास्त्राने हा प्रश्न वेगळ्याच जागी तपासला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील पस्तीस ते चौसष्ट वयाच्या चालक-वाहकांची पाहणी जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून, तर वाहक दिवसभर जिना चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांची कंबर अगोदरपासूनच मोठी असल्याचे दिसले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. परंतु त्यानंतरच्या कितीतरी पाहण्यांनी मूळ मुद्दा पक्का केला आहे. प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. दिवसाला हिशेब बावीस मिनिटांच्या आत बसतो.

हा हिशेब आता आमच्या गावालाही लागू झाला आहे. पूर्वी शेतकऱ्याला व्यायाम सांगणे ही थट्टा ठरली असती. औत, मोट, डोक्यावरचा भारा यांतून त्याची सुटकाच नव्हती. आता नांगरट ट्रॅक्टर करतो आणि मोसंबीच्या बागेपर्यंत फटफटी जाते. कापूस वेचणाऱ्या बाईची पाठ मात्र अजूनही दिवसभर वाकलेलीच. तिला श्रम आहेत, पण अंग सरळ ताणायला सवड नाही. देशात दहा कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. माझ्या ओळखीचे एक शिक्षक पन्नाशी गाठण्याआधीच गेले. सकाळी शाळेत हजेरी घेतलेली आणि संध्याकाळी घरापुढे माणसे जमलेली. त्यांच्या धाकट्या मुलीला मी त्या वर्षी सहावीला इतिहास शिकवीत होतो.

त्या वर्षापासून मी रोज पहाटे बारा नमस्कार घालतो आणि जांबच्या वाटेने थोडे चालून येतो. पहिल्या महिन्यात हाताची बोटे जमिनीपर्यंत पोचत नव्हती, गुडघे वाजत होते. आता बोटे टेकतात, गुडघे वाजतातच. रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचे दुखणे असलेल्यांनी वैद्याला विचारूनच सुरुवात करावी, आणि बाकीच्यांनी बाराशेच्या भरीस पडू नये.

औंधच्या राजाला शाळकरी मुलांवर सक्ती करता आली. चाळिशीच्या माणसावर सक्ती करणारा राजा नाही, पंतोजी नाही, तालमीतला वस्तादही नाही. या वयात बळ मिळवून कोणाला चीत करायचे नसते. उद्याही उठून तेवढेच करायचे असते. म्हणून पंतांनी व्यायाम शिकवतानाही नमस्कार हे नाव राहू दिले, हे मला फार बरे वाटते. पूजा जशी आज मन लागले नाही म्हणून चुकवत नाहीत, तसाच हा नेम आहे. दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी आपण पहाटे उठतोच. फराळाचे ताट पुढे येण्याआधी तेवढी बावीस मिनिटे काढावीत, आणि भाऊबीज झाल्यावरही गजर बंद करू नये.