डाख आणि दाब : ध्वनिवाहक तारांच्या सांध्यांचा इतिहास, मालवण किनाऱ्याच्या संदर्भात

धातूचे दोन तुकडे एकमेकांस जोडण्याच्या क्रियेसाठी मराठी कारागिरांनी एकाच शब्दावर भागविले नाही, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. सोनार डाख देतो, तांबट झाळतो, लोहार लाल तापलेली टोके एकमेकांवर ठेवून ठोकतो, आणि कल्हईवाला जोडीत काहीच नाही, तरी नवसागराने भांडे स्वच्छ करून कथील पसरवितो तेव्हा डाखकामाचा निम्मा विधी त्याच्या हातून होऊन गेलेला असतो. ध्वनिवर्धकाची तार कशी जोडावी, डाख देऊन की नुसत्या दाबाने, हा वरवर पाहता बाजारातील प्रश्न ह्या जुन्या भेदांच्या पार्श्वभूमीवर पाहिला तर त्याचा उलगडा बराच सोपा होतो.

मालवणास ह्या चर्चेत एक प्राचीन साक्षीदार उपलब्ध आहे. १६६४ मध्ये बांधकाम सुरू होऊन १६६७ मध्ये पुरा झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायात शिसे ओतले होते, अशी परंपरा आहे. परंतु शिसे ओतणे म्हणजे झाळणे नव्हे. ओतलेले शिसे दगडाच्या फटीत बसते, पोकळी भरते आणि आपल्या भाराने व आकाराने पकड घेते. दगडाशी ते एकजीव होत नाही. तांब्याशीही शुद्ध शिशाचा घरोबा होत नाही. तो घडवून आणते ते कथील. वितळलेले कथील तांब्याला ओले करते आणि दोहोंच्या सीमेवर कथील व तांबे ह्यांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो. विद्युत्कामातील परिचित डाखात ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असले, तर ते मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला, म्हणजे दोहोंपैकी कोणत्याही शुद्ध धातूच्या आधी, वितळते. शिसे येथे मुख्यतः वितळणबिंदू उतरविण्याचे आणि खर्च कमी करण्याचे काम करते. जोडणारा खरा घटक कथील, हे लक्षात न घेतल्यामुळे ‘शिशाने जोडले’ असा ढोबळ प्रयोग रूढ झाला आहे.

तारांच्या सांध्यांचा इतिहास ध्वनिवर्धकापासून सुरू होत नाही. तो तारायंत्रापासून सुरू होतो. विल्यम ओशॉनेसी ह्याने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार चालू झाली. त्या युगात सांधा जोडण्याच्या दोन पद्धती प्रतिष्ठा पावल्या. अमेरिकी पद्धतीत दोन्ही टोके परस्परांभोवती घट्ट पिळून घेत. ब्रिटिश पद्धतीत टोके शेजारी शेजारी ठेवून बारीक तारेने आवळून बांधीत व त्यावर डाख देत. दोन्ही पद्धतींत ओढ सहन करण्याचे काम पिळाचे किंवा बांधणीचे होते, डाखाचे नव्हे. डाख केवळ हवा व पाणी बाहेर ठेवी आणि विद्युत्संपर्क कायम राखी. जुन्या तारायंत्र्यांना पक्का ठाऊक असलेला हा नियम पुढे घरगुती कारागिरीत विस्मृतीत गेला आणि डाखालाच दोरीचे काम सांगण्यात येऊ लागले.

ध्वनिवर्धक त्यानंतरचा. प्रिडहॅम आणि जेन्सन ह्यांनी १९१५ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्को येथे जाहीर प्रयोग केला. राइस आणि केलॉग ह्यांनी १९२५ मध्ये हलत्या वेटोळ्याच्या ध्वनिवर्धकाचे शास्त्रीय विवेचन प्रसिद्ध केले. मुंबई नभोवाणी केंद्र १९२७ च्या जुलैमध्ये सुरू झाले. डाखाविना जोडणीची शास्त्रशुद्ध पद्धत मात्र युद्धातून आली. १९४१ मध्ये अंकस व्हिटेकर ह्याने अमेरिकेत स्थापलेल्या ‘एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स’ ह्या कंपनीने विमाने आणि जहाजे ह्यांच्यासाठी दाबून बसविण्याची तारटोके पुरविली. कंपनीच्या नावातच आकाश आणि समुद्र दोन्ही आहेत, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने सूचक होय. धक्के व खारी हवा जेथे नित्याची आणि तापत्या कावियेने एकेक सांधा झाळीत बसण्यास जेथे वेळ नाही, तेथे ही पद्धत जन्मली. योग्य मापाच्या नळीत योग्य मापाची तार घालून योग्य हत्याराने दाबले असता तारेचे धागे व नळी इतकी चेपली जातात की मधली पोकळी नाहीशी होते, धातूवरील मळाचा पापुद्रा फाटतो आणि नवा धातू नव्या धातूस भिडतो. अशा सांध्यात वायूलाही वाट नसते. साध्या पक्कडीने चिमटलेल्या नळीस मात्र ह्यातील एकही गुण लागू होत नाही, आणि ‘दाबलेला सांधा टिकत नाही’ ही तक्रार बहुधा पक्कडीच्या सांध्यावरूनच होते.

ध्वनीच्या गोडीचा वाद येथेच निकालात काढणे इष्ट. डाखाची विद्युत्वाहकता तांब्याच्या सुमारे नवव्या हिश्शाएवढी असते हे खरे. परंतु सांध्यातील डाखाचा थर इतका पातळ असतो की त्याचा अडथळा नगण्य ठरतो. उलट दीड चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची जोडतार वीस मीटर नेली, तर जाण्यायेण्याच्या चाळीस मीटरांचा रोध सुमारे ०.४६ ओहम भरतो. आठ ओहमच्या ध्वनिवर्धकापुढे ही रक्कम दुर्लक्षणीय नव्हे, आणि तिच्यापुढे चांगल्या सांध्याचा रोध, मग तो डाखाचा असो वा दाबाचा, कशाच्याही खिजगणतीत नाही. प्रश्न उरतो तो टिकाऊपणाचा, आणि तो ज्या त्या प्रदेशाच्या हवेने ठरतो.

मालवण किनाऱ्याची हवा ह्या बाबतीत कठोर आहे. पावसाळ्यात मुसळधार पाऊस, उरलेल्या काळात खारे वारे. उघड्या तांब्यावर येथे हिरवट थर चढतो. मराठी गृहिणीस ही क्रिया पूर्वापार ठाऊक आहे : कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते ‘कळकते’. पदार्थाविषयीचे हे क्रियापद तारेस लावण्यास काय हरकत आहे, हे मला समजत नाही. इतका नेमका शब्द घरात असता ‘गंजणे’ हा लोखंडाचा शब्द तांब्यास चिकटविणे म्हणजे भाषेचे दारिद्र्य नव्हे, आळस होय. उपायही स्वयंपाकघरातलाच, कल्हई. कथील चढविलेल्या धाग्यांची तार आणि कथील चढविलेले तांब्याचे तारटोक हे ह्या किनाऱ्यावर चैनीत मोडत नाहीत. अलीकडे स्वस्ताईने मिळणारी, वर तांबे व आत अॅल्युमिनियम असलेली तार येथे सर्वथा वर्ज्य समजावी. टोकाशी अॅल्युमिनियम उघडे पडले की खाऱ्या ओलाव्यात तांब्याच्या सान्निध्याने तेच आधी झिजते, आणि मग डाखही निरुपयोगी, दाबही.

डाखाचे दोष दोन, आणि दोन्ही कारागिराच्या अज्ञानातून वाढतात. पहिला, मळ काढण्यासाठी राळेऐवजी पत्र्याच्या कामाचे आम्लधर्मी द्रव्य वापरणे. ते धुतले नाही तर हवेतील ओल शोषून तारेस आतून खात राहते. दुसरा दोष सूक्ष्म आहे. वितळलेला डाख धाग्यांमधून वर चढतो. जेथवर चढतो तेथवर तार काडीसारखी ताठ होते, आणि ताठ व लवचीक भागांच्या सीमेवर, वारंवार वाकविल्याने, धागे तुटू लागतात. डाख दिलेले टोक स्क्रूखाली आवळणे हेही तसेच अनिष्ट, कारण मऊ डाख दाबाखाली हळूहळू सरकतो व पकड सैल पडते. पश्चिम किनाऱ्यावरील नावाड्यांना हा न्याय अपरिचित नसावा. काथ्याने शिवलेली होडी लाटेबरोबर किंचित लवते. ही शिवणविद्या लुप्त झालेली नाही. २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज गोव्यातच बांधले गेले.

आता प्रत्यक्ष प्रसंग घेऊ. दशावतारी मंडळी कार्तिकापासून पावसाच्या तोंडापर्यंत जत्रांमागून जत्रा करीत फिरतात. एक बाक, एक पडदा, पेटी, पखवाज, झांज एवढ्यावर रात्र उभी राहते. संवाद लिखित नसतात. नट ते तेथल्या तेथे रचतो. वाचिक परंपरेच्या अभ्यासकाने ही बाब विसरू नये, कारण सांधा निखळून कर्णा मुका झाला तर मागच्या रांगेपर्यंत न पोहोचलेले वाक्य कोणत्याही संहितेत पुन्हा सापडणार नाही. येथे तार रोज उलगडायची, रोज गुंडाळायची, रोज लावायची. अशा तारेच्या टोकास दाबाचेच सांधे हवेत, त्यांवर उष्णतेने आकसणारी नळी हवी, आणि ओढ सांध्यावर न येता तारेच्या बाह्य आवरणावर यावी अशी पकड हवी. देवळाच्या शिखराशी वर्षानुवर्षे स्थिर राहणाऱ्या कर्ण्याची गोष्ट निराळी. तेथे तार वाकत नाही. म्हणून आधी बांधणी, मग राळेचा डाख, मग जलरोधक आवरण, ही ब्रिटिश तारायंत्र्यांची जुनी रीत आजही निर्दोष ठरते. मात्र २००६ पासून युरोपात विद्युत्साधनांतील शिशावर निर्बंध आल्यामुळे आणि २०१२ पासून भारतातही तसे नियम लागू झाल्यामुळे नव्या यंत्रांत शिसेविरहित डाख आढळतो. तो सुमारे २१७ अंशांच्या पुढे वितळतो. जुन्या सवयीने कमी तापविलेल्या काव्याने त्यावर काम केले तर दुरुस्ती करणारे ज्यास ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात तो कच्चा सांधा तयार होतो.

भाषेचा एक विशेष नोंदवून थांबतो. डाख देणे, झाळणे, कल्हई लावणे, पीळ घालणे ही क्रियापदे वेगवेगळी होती, कारण हातांच्या क्रिया वेगळ्या होत्या. आजचा कारागीर सोल्डर मारतो, थिंबल मारतो, टेपही मारतो. तिन्ही क्रियांना एकच क्रियापद लागल्यामुळे त्यांतील भेद वाक्यात उरत नाही, आणि शिकाऊ मुलास तो शब्दातून कळण्याचा मार्ग बंद होतो. ‘दाबजोड’ हा शब्द मी वर्गात वापरून पाहिला आहे. विद्यार्थ्यांस तो सहज उमगतो, पण दुकानात अद्याप थिंबलच मागावे लागते.