तगाद्याची गोष्ट

'तगादा' हा शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. हिंदीतला 'तकाज़ा' तो हाच. पेशवाईतल्या पुण्यात हा प्रकार रोजचा होता आणि आजच्या हिंजवडीतही तो जोरात चालू आहे. फक्त आता त्याला 'रिकव्हरी कॉल' म्हणतात.

आमच्या टीममधल्या एका मुलाला मध्यंतरी असे फोन येत होते. क्रेडिट कार्डाचे तीन हप्ते थकले होते. त्याने मोबाइल उचलला नाही की फोन रिसेप्शनवर, तिथून मॅनेजरला, एकदा तर थेट एचआरला. पैसे देणं आहे हे तो नाकारत नव्हताच. पण ते ऑफिसभर कशाला सांगायचं? त्याच्यासाठी नियम शोधायला म्हणून विकांताला बसलो, आणि वाचता वाचता पार थोरल्या बाजीरावांपर्यंत पोचलो.

हो, बाजीरावसुद्धा! मोहिमांच्या खर्चापायी ते कायम कर्जात असत. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी कळवलंय की सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाची सालं निघाली. ज्याच्या घोड्यांच्या टापांनी दिल्ली हादरली, त्याची ही कथा. त्यांचे नातू थोरले माधवराव 1772 साली थेऊरला वारले, तेव्हा शेवटच्या इच्छांमध्ये 'कर्ज फेडा' ही एक होती. तेव्हा कर्जदार म्हणजे लबाड माणूस, हे समीकरण आपल्या इतिहासाला तरी मान्य नाही.

आता तगादा करायचे कसा? पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 साली या मुलखावर एक अहवाल लिहिला. त्यात तगाद्याचं वर्णन आहे. कर्जदार बरोबरीचा किंवा खालचा असेल तर त्याला घरात कोंडायचं, जेवू द्यायचं नाही, उन्हात बसवायचं. कर्जदार वरचढ असेल तर आधी विनवण्या, मग त्याच्या उंबऱ्यावर आडवं पडणं, दारात आरडाओरडा. हे स्वतः करायचं नसेल तर माणसं लावायची सोय होतीच (आउटसोर्सिंग आपल्याला नवीन नाही!). आणि शेवटचं शस्त्र म्हणजे धरणं. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसणार, आणि तो उठेपर्यंत ऋणकोनेही जेवायचं नाही.

यात जोर कशाचा आहे? कर्जदाराची पत जिथे आहे, तिथेच तिला धक्का द्यायचा. तेव्हा माणसाची पत वाड्याच्या दारात होती, आज ती ऑफिसात आहे. म्हणून तेव्हा दारात बसायचे आणि आज एचआरला फोन करतात. फरक एवढाच की धरणं धरणाऱ्याला स्वतः उपाशी राहावं लागे. तगाद्याची काही किंमत तगादेवालाही मोजत असे, त्यामुळे त्याला आपोआप मर्यादा होती. फोनला ती नाही. दिवसातून तीस वेळा केला तरी करणाऱ्याचं पोट भरलेलंच. (तोही बहुधा आपल्याच वयाचा, टार्गेटखाली दबलेला कुणीतरी असतो, हे मात्र विसरू नये.)

मर्यादा आपोआप पडत नसेल तर ती कायद्याने घालावी लागते. 1860 च्या भारतीय दंड संहितेत, दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला लावणं हा गुन्हा ठरवला होता, आणि उदाहरण दिलं होतं दारात धरणं धरून बसणाऱ्याचं.

पण कायदा आला म्हणजे न्याय आला असं नाही. इंग्रजी कोर्टांत सावकाराला कागदावरून हुकूमनामा मिळायचा आणि शेतकरी तुरुंगात जायचा. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांची घरंदुकानं फोडली आणि कर्जखतं जाळली. मग 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. व्यवहाराची मूळ हकिकत तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं.

कामाच्या ठिकाणचा तगादा मात्र गिरण्या-कारखान्यांच्या काळात चर्चेत आला. 1929 साली नेमलेल्या व्हिटली आयोगात ना. म. जोशी सदस्य होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी सावकार उभे असतात, हे आयोगाने 1931 च्या अहवालात नोंदवलं आणि असं घेरणं हा गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली. 1934 साली बंगालने तसा कायदा केला. आपल्याकडे 1946 च्या मुंबई सावकारी कायद्यात कर्जदाराचा छळ हा गुन्हा ठरला, आणि छळाच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलं गेलं: कर्जदार राहतो किंवा काम करतो त्या जागेपाशी घुटमळणं. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानेही छळाला बंदी कायम ठेवली.

गंमत अशी की बँका या कायद्याच्या बाहेर! त्यांच्यासाठी बरीच वाट पाहावी लागली. वसुलीला गुंड लावता येणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 2007 साली एका खटल्यात सुनावलं. 2008 मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांसाठी नियम काढले. 2022 मध्ये आणखी स्पष्ट केलं: सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन नाही, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, घरच्यांना आणि मित्रांना त्रास नाही. शिवाय एजंट काहीही करो, जबाबदारी बँकेची.

तेव्हा कुणावर अशी वेळ आलीच, तर कॉलची तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. धमकी असेल तर पोलिसांकडे. 'पगार जप्त करू' म्हणाले तर कोर्टाचा हुकूम मागा. पगार जप्त करायचा हुकूम कोर्टच देतं, आणि तेही सगळा पगार नाही.

कर्ज फेडायचंच असतं. माधवरावांनी मरतानाही त्याची आठवण ठेवली. पण पैसे मागायचा हक्क आणि माणसाची अब्रू काढायचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला धनकोकडे नेहमीच होता. दुसरा त्याच्याकडून काढून घ्यायला आपल्याला दोनशे वर्षं लागली. तो नुसत्या एका फोनवर परत देऊ नये, एवढंच.