सिगारेटच्या धुराने बिघडणारं यंत्र

आपल्या धंद्यात एक जुना विनोद आहे. प्रोग्रॅम भलतंच काही करू लागला की तो बग, आणि तेच क्लायंटला आवडलं की फीचर! विज्ञानाच्या इतिहासातही असा एक झकास बग आहे. तो सापडला जेम्स लव्हलॉक (१९१९-२०२२) यांना.

आधी थोडं फिजिक्स, घाबरू नका. हवा एरवी वीज वाहून नेत नाही. पण क्ष-किरण सोडले की रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात, धन-ऋण आयन तयार होतात आणि बारीकसा प्रवाह वाहतो. किरण थांबले की आयन एकमेकांना गाठून पुन्हा जुळतात आणि प्रवाह संपतो. १८९६ साली केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन आणि तरुण रदरफोर्ड यांनी याचा हिशोब मांडला.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस लव्हलॉक इंग्लंडात सर्दीवरच्या संशोधनात होते. खोलीतली मंद झुळूक मोजायला त्यांनी आयनांवर चालणारं यंत्र बनवलं. किरणोत्सारी रंग कुठून आणला? विमानांच्या जुन्या डायल्सवरून! यंत्र उत्तम चाललं, पण कुणी सिगारेट पेटवली की गडबडायचं.

१९५७ च्या सुमारास लव्हलॉकनी हाच दोष कामाला लावला. एका छोट्या डबीत नायट्रोजन वाहतोय, किरणोत्साराने इलेक्ट्रॉन सुटताहेत. मोकळा इलेक्ट्रॉन इतका चपळ, की धन आयनाच्या तावडीत सहसा सापडत नाही. पण क्लोरीनवाला रेणू आला, की तो इलेक्ट्रॉन गिळून जड, मंद ऋण आयन बनतो. असे आयन धन आयनांशी लाखो पटींनी सहज जुळतात. प्रवाह घसरतो, आणि ती घसरण म्हणजेच मोजमाप. डीडीटीसारख्या कीटकनाशकांचे अत्यल्प अंश त्यामुळे पकडता येऊ लागले.

पुढची गोष्ट तर भारीच. फ्रिज आणि स्प्रेच्या डब्यांतले सीएफसी वायू जगभर पसरलेत का, हे लव्हलॉकना बघायचं होतं. १९७१ मध्ये घरी बनवलेलं उपकरण घेऊन ते 'शॅकल्टन' जहाजावर चढले आणि अंटार्क्टिकाच्या दिशेने निघाले. जिथे हवा तपासली तिथे सीएफसी सापडले, एक लाख कोटी भागांत जेमतेम काही दहा भाग. म्हणजे सोडलेला वायू हवेतच साचत होता.

गंमत म्हणजे १९७३ च्या शोधनिबंधात लव्हलॉकनीच लिहिलं, की यात धोका काही नाही. एवढ्याशा प्रमाणाला कोण घाबरणार? पण शेरवुड रोलंड यांना वेगळाच प्रश्न पडला: हे वायू शेवटी जातात कुठे? १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि त्यांनी उत्तर दिलं: वर जाऊन ते फुटतात आणि त्यांतला क्लोरीन ओझोन खातो. १९८५ ला अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जाहीर झालं, १९८७ ला माँट्रियल करार.

असो. लॉगमधली नोंद अचूक होती, तिचा अर्थ लावायला मात्र दुसरं डोकं लागलं. ओळखीचं वाटतंय ना?