उसवलेली शिवण

नाशिक रोड स्टेशनावरून आपण पुण्याच्या रस्त्याला लागलात, की कडेला उभे असलेले मालट्रक दिसतात. त्यांतल्या एखाद्याच्या सावलीत एक मनुष्य मांडी घालून बसलेला असतो. मांडीवर ताडपत्रीचा ढीग, हातात दाभण, शेजारी मेणाचा गोळा. तो काय करतो आहे, इकडे आपण सहसा पाहत नाही. मीही कैक वर्षे पाहिले नव्हते. इतिहास शिकवणाऱ्याचे लक्ष तंबूत कोण बसला होता याकडे! तो तंबू कोणी शिवला आणि उसवल्यावर पुन्हा कोणी सांधला, हा प्रश्न परीक्षेला येत नाही. आज मात्र त्या माणसाविषयीच आपल्याशी चार शब्द बोलावे म्हणतो.

कापडी छप्पर आधी कुठे जाते? मधोमध नव्हे, जाते ते शिवणीवर. कापडातले सूत एकमेकांत विणलेले, एकमेकांच्या आडोशाला असते. शिवणीचा दोरा मात्र कापडाच्या वर उघडा पडलेला. ऊन तो खातो, वाऱ्याने फडफडताना तोच घासला जातो, घडी घालताना तोच मोडतो. कापड चांगले धडधाकट असते आणि दोरा चिमटीत धरला तर भुकटी होते.

हे मी पुस्तकात वाचलेले नाही. माझे वडील निफाड तालुक्यात कांदा पिकवीत. मी अकरावीत असताना आमच्या कांद्याचा ट्रक वाटेत अवकाळी पावसात सापडला. वरून ताडपत्री नवी वाटावी अशी. पण एक शिवण हात-दोन हात उसवलेली होती. पाण्याला तेवढी वाट पुरली. ओल्या कांद्याला व्यापाऱ्याने काय भाव दिला, ते सांगण्यात अर्थ नाही. त्या वर्षीची माझी फी मामाने भरली. घरात कोणी कोणाला बोलले नाही, पण वडील पुढे कितीतरी दिवस प्रत्येक ताडपत्री उजेडाकडे धरून पाहत.

आता जरा मागे जाऊ. पुण्यातला फरासखाना आपल्याला पोलिस चौकी म्हणून ठाऊक आहे. पण फर्श म्हणजे बिछायत, ती अंथरणारा तो फर्राश आणि पेशव्यांचे तंबू, कनाती, जाजमे जिथे राहत तो फरासखाना. मोगलांकडे हाच कारखाना अफाट होता. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’त बादशहाच्या एका मुक्कामाचा हिशेब दिला आहे: सामान वाहायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाडे, तंबू उभारायला 1000 फर्राश. आणि शिवणारे? सुतार, तंबू करणारे आणि मशालजी मिळून अवघे 50, शिवाय कातड्याचे काम करणारे 30. कापडी राजवाडा हजारो गाठी-टाक्यांवर उभा, आणि दाभण धरणारे हात ते एवढेच. त्या हातांना काय काम पडत असेल, याचा अंदाज आपणच करावा.

एवढे करूनही कापडावर पावसाळ्यात कोणी विसंबत नसे. दसऱ्याला सीमोल्लंघन आणि पावसाळ्यात छावणी, हा आपल्या लष्कराचा क्रम. त्याला नद्यांचे पूर, चिखल, घोड्यांची वैरण ही कारणे आहेतच. पण छावणीत माणसे राहत ती बहुधा गवताच्या छपराखाली. शिवाजी महाराजांचे 1670च्या दशकातले चिपळूणच्या छावणीविषयीचे पत्र प्रसिद्ध आहे. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाईने त्यात ताकीद दिली आहे. म्हणजे आगीचा धोका पत्करून गवत! का? गवताच्या छपराला शिवण नसते, हे एक कारण मला तरी दिसते.

इंग्रजी अमदानीत तंबूंचे काम भलत्याच हातांत गेले. जबलपूरला एकोणिसाव्या शतकात ‘स्कूल ऑफ इंडस्ट्री’ नावाचा कारखाना होता. ठगांपैकी जे माफीचे साक्षीदार झाले, त्यांना तिथे बसवून त्यांच्याकडून गालिचे आणि तंबू करवून घेत. रुमालाने गळा आवळणारे हात टाके घालू लागले! आणि आमच्या नाशिक रोडला लागूनच देवळालीची छावणी. मुदत संपलेले गोरे शिपाई इथे विलायतेच्या बोटीची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहत. त्या कंटाळ्याने आणि उन्हाने डोके फिरे, त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणत. डूलाली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप हा आपलाच ताप. ज्या उन्हाने शिपायाचे डोके फिरते, त्या उन्हात बिचाऱ्या दोऱ्याने किती टिकावे?

मध्यंतरी यंत्र आले. पॅरिसमध्ये थिमोनिएच्या यंत्रांवर लष्कराचे कपडे शिवत. पोटावर पाय येणार म्हणून तिथल्या शिंप्यांनी 1831 साली ती यंत्रे मोडून टाकली. त्याचा टाका साखळीचा, एका दोऱ्याचा. एक टोक सुटले की सरसर उसवत जाई. अमेरिकेत एलियास हौने 1846 साली दोन दोऱ्यांच्या टाक्याचे पेटंट घेतले. वरचा दोरा खालच्यात अडकतो, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचे काही काळ तग धरतात. ‘काही काळ’ हे शब्द महत्त्वाचे. दुरुस्तीला मिळतो तो तेवढाच वेळ.

आणि दुरुस्ती कशी? रस्त्याकडेचा तो कारागीर मला एकदा म्हणाला, “सर, भोकं जुनीच वापरायची. नवी पाडली की कापड गेलं.” त्याचे म्हणणे आपल्याला चटकन पटेल. नाशिक रोडच्या छापखान्यात टपालाची तिकिटे 1920च्या दशकापासून छापतात. तिकीट फाडायला सोपे जावे म्हणून कडेला भोकांची रांग असते. दाट टाके घातले की ताडपत्रीचे तेच होते. म्हणून तो कुजका दोरा आधी उपसून काढतो, दोन्ही बाजूंनी चार-चार बोटे शाबूत शिवणीत मागे जातो आणि तिथून सुरुवात करतो. दोऱ्याला मेण चोळलेले असते. सुती दोरा भिजला की फुगतो आणि भोक आपोआप बुजते. हल्लीचा पॉलिएस्टरचा दोरा उन्हाला जास्त टिकतो, पण फुगत नाही, म्हणून त्याच्या शिवणीवर वरूनही मेण लागते.

परदेशांत घरासारख्या मोटारी घेऊन लोक हिंडतात. त्यांच्या दाराशी गुंडाळता येणारे छत असते. मुक्कामी मोटारीची खोली बाहेर सरकवतात, तिच्या माथ्यावरही कापड असते. कापड उत्तम, पण तक्रार हीच, की दोरा आधी जातो. तिथे आता टेफ्लॉनच्या जातीचा, उन्हाला दाद न देणारा धागा निघाला आहे. महाग आहे.

आमच्याकडे मात्र खरी कसोटी सिंहस्थात लागते. प्रयागचा कुंभ थंडीत भरतो, नाशिकचा श्रावण-भाद्रपदात. 2015च्या सिंहस्थात पहिले शाही स्नान 29 ऑगस्टला होते. तपोवनात साधुग्राम वसले होते. 2027ची पर्वणीही पावसातच आहे. त्या वेळी आपण एखाद्या राहुटीत उतरलात, तर कापडाला आतून हात लावू नका. बोट लागले की तिथूनच थेंब गळू लागतो. दुपारी ऊन पडले की आत उभे राहून शिवणीकडे पाहा. उजेडाचे ठिपके सुटे सुटे दिसले तर निश्चिंत झोपा. त्यांची रेघ झाली असेल, तर संध्याकाळच्या आत दाभणवाल्याला बोलावून आणा.