पांझरेकाठचे फड

फड म्हटले की आपल्याला कुस्तीचा आठवतो, तमाशाचा आठवतो, उसाचा तर आठवतोच. पण धुळे-साक्रीकडे पांझरेच्या काठी आणि नाशिक जिल्ह्यात मोसम-आरम नद्यांच्या काठी फड म्हणजे पाटाखाली भिजणाऱ्या जमिनीचा सलग भाग. मालक अनेक, पीक मात्र एक.

ही पद्धत तीन-चारशे वर्षांची मानतात. नदीला आडवा दगडी बंधारा, कडेने पाट, त्याखाली बहुधा चार फड. आता पाहा, पाणी मोजके आणि ऊस तर ज्याला त्याला हवा! मग ठरवायचे कोणी? बागायतदारच बसत, पंच नेमत आणि नदीतले पाणी पाहून यंदा ऊस कोणत्या फडात, हंगामी पिके कोणत्या फडांत, हे ठरवीत. पाणी आटले असेल तर एखादा फड कोरडाच ठेवीत.

स्वतःचे शेत कोरडे ठेवायला माणूस राजी होतो कसा? यातली मेख अशी की, बहुतेकांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. एक फड कोरडा राहिला तरी कोणी एकटा बुडत नसे. शिवाय फडात पीक एकच असल्याने साऱ्यांची पाण्याची निकड एकाच वेळी येई, आणि चाऱ्यांतून वाया जाणारे पाणीही वाचे. शेतात पाणी मालकाने घ्यायचे नाही; ते काम पाटकऱ्याचे. राखणीला जागल्या. दोघांना मोबदला बागायतदारांनीच द्यायचा. पाटातला गाळही त्यांनीच काढायचा.

मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले आणि सुरुवातीच्या काळात याच खानदेशात होते. दातर्ती येथे पांझरेच्या पात्राखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांनी केले. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. तिच्यातही पिकांची गटवार वाटणीच होती. पण तेथे ठरवणारे सरकारी खाते, इथे ठरवणारे ज्यांचे शेत भिजते ते.

फडाला उणेही होते, बरे का. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नाही. ही गाठ सोडवली पुरंदर तालुक्यातल्या नायगावी विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने. 1972 च्या दुष्काळानंतरच्या या प्रयोगात पाणी जमिनीवर नव्हे, माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने ठरले. भूमिहीनालाही हक्क मिळाला, आणि ऊस मात्र वर्ज्य झाला. 2005 साली तर शेतकऱ्यांनी सिंचन सांभाळण्याचा कायदाच महाराष्ट्रात झाला.

इकडे विहिरी वाढल्या, पंप आले. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला पंचांच्या बैठकीची गरज वाटेना, आणि फड ढिले पडत गेले.

गुरुजी, तुमच्या शाळेजवळून असा जुना पाट जात असेल, तर मुलांना घेऊन एकदा बंधाऱ्यापर्यंत चालत जा. गावात कोणी म्हातारा पाटकरी असेल, तर त्यालाही सोबत न्या.