हिंदमाताचं पाणी येतं कुठून?

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या नुसतं बाजूने गेलं. जमिनीवर चढलं ते रात्री, तिकडे गुजरातच्या किनाऱ्यावर. तरी कुलाब्यात वाऱ्याचा झोत ताशी ११४ किमी आणि दिवसभरात २०० मिमीच्या वर पाऊस, तोही मे महिन्यात! आणि हिंदमाताला नेहमीप्रमाणे पाणी. कपड्यांच्या दुकानातले गठ्ठे वर चढवायची तीच धावपळ.

आपण लगेच म्हणतो, नालेसफाई केली नसणार. मीही म्हणायचो. मग एकदा आकडे बघितले. मुंबईचं पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी १८६ तोंडं. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वर किती? फक्त ६! म्हणजे भरतीच्या वेळी नाले कितीही चकचकीत असले तरी पाणी जाणार कुठे? शिवाय जुनी गटारं तासाला २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेली, तेही ओहोटी धरून.

आता जरा मागे जाऊ. मुंबई सात बेटांची, हे शाळेत सगळेच शिकलो. पण बेटांच्या मधे काय होतं, ते कोणी सांगितलं नाही. तिथे भरतीला समुद्र आत यायचा. सगळ्यात मोठी वाट महालक्ष्मी आणि वरळीच्या मधली. गव्हर्नर हॉर्नबीने तिथे बांध घातला, १७८४ च्या सुमारास पुरा झाला. (कंपनीच्या लंडनच्या साहेबांची परवानगी न घेताच काम सुरू केलं म्हणतात. आपल्याकडे प्रोजेक्ट असेच चालतात, तेव्हापासून!) समुद्र बाहेर राहिला, आतली जमीन सुकली, पण उंच काही झाली नाही. पुढे याच सखल पट्ट्यात गिरण्या आणि चाळी उभ्या राहिल्या.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, मिठी उलटली. कुलाब्यात मात्र ७५ मिमीसुद्धा नाही. त्यामुळे गिरगावकरांचा समज, पूर हा उपनगरांचा प्रश्न. ५ ऑगस्ट २०२० ला तो समज गेला. चक्रीवादळ नव्हतं, तरी कुलाब्यात वारा ताशी १०६ किमी. गिरगाव चौपाटीच्या रस्त्यावर पाणी, जे. जे. हॉस्पिटलच्या आवारात पाणी, मशीद स्टेशनजवळ अडकलेल्या लोकलमधून लोकांना बाहेर काढावं लागलं.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती २९ ऑगस्ट २०१७ ची गोष्ट. बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. दीपक अमरापूरकर गाडी सोडून पाण्यातून चालत घरी निघाले होते. एल्फिन्स्टनजवळ, पाण्याखाली उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी मृतदेह सापडला, वरळीच्या किनाऱ्यावर. पाणी लवकर जावं म्हणून झाकणं उघडायची ही आपली जुनी सवय. त्यानंतर मॅनहोलखाली जाळ्या बसवायचं सुरू झालं.

तौक्तेनंतर पालिकेने दादरला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळला सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. भरती असेपर्यंत पाणी साठवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. सरळ बफर! मला हा उपाय आवडला, कारण त्यात समुद्राचं वेळापत्रक मान्य केलंय.

पण २६ मे २०२५ ला पाऊस लवकर आला. कुलाब्यात सकाळी ११ पर्यंत २९५ मिमी. हिंदमाताला पाणी भरलंच, आणि वरळीचं नवंकोरं भुयारी मेट्रो स्टेशन, आचार्य अत्रे चौक, तेही पाण्यात. उघडून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते.